सुभेदार रामजीबाबा : पलटणीपासून पाटीपर्यंत

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघाली की तिच्यात भगवान बुद्ध, बाबासाहेब, माता रमाई आणि महात्मा फुले यांच्यावर लेख असतातच, आणि ते असायलाच हवेत. पण ज्या माणसाने लहानग्या भिवाला पुढ्यात बसवून शिकवले, रात्री उठवून अभ्यासाला लावले, त्या रामजी मालोजी सकपाळ यांच्या वाट्याला आपल्याकडे बहुतेक वेळा एकच ओळ येते. बाबासाहेबांचे वडील लष्करात सुभेदार होते, एवढंच. पुढे काही नाही. भाषणात वक्ता 'सुभेदारांचे सुपुत्र' म्हणतो, टाळ्या पडतात आणि विषय पुढे सरकतो.

या लेखात आम्ही त्या 'सुभेदार' या शब्दापाशीच जरा थांबणार आहोत. हा हुद्दा रामजीबाबांना कसा मिळाला, बंदूक खाली ठेवून हातात खडू घेतला तेव्हा तो कसा टिकला, छावणीच्या बाहेर पाऊल टाकल्यावर त्या हुद्द्याचं काय झालं आणि शेवटी या बापाने आपल्या मुलाच्या हाती नेमकं काय ठेवलं, हे समजून घेणार आहोत. आपल्या वस्तीत सैन्यात, पोलिसांत, रेल्वेत, पोस्टात असलेले कितीतरी जण आहेत. खातं बदललं, काम बदललं की पहिला प्रश्न हाच असतो, की माझा ग्रेड राहील का, माझी सिनिऑरिटी धरतील का? हा प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रामजीबाबांच्या आयुष्यातही होता. फक्त त्यांच्याबाबतीत तो फार मोठा होऊन उभा राहिला.

घराणं शिपाईबाण्याचं

रामजीबाबांचं मूळ गाव आंबडवे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं हे लहानसं गाव. गावकीत महाराच्या वाट्याला आलेली कामं आपल्या जुन्या लोकांना ठाऊक आहेत, ती इथे पुन्हा सांगत नाही. या घराण्याने मात्र ती कामं टाकून कंपनी सरकारच्या फौजेची वाट धरली होती. रामजीबाबांचे वडील मालोजी हेही फौजेतच होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईनंतर उभारलेल्या स्तंभावर 'नाक' या प्रत्ययाची जी नावं कोरलेली आहेत, ती आपल्याच समाजातल्या शिपायांची. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते आणि त्यांच्यातून अंमलदारही होत असत.

हुद्द्यांची शिडी कशी होती, ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सारं त्यावरच उभं आहे. तळाला शिपाई. त्याच्या वर नाईक, मग हवालदार. त्याच्या वर जमादार, मग सुभेदार, आणि पलटणीतल्या सगळ्या देशी अंमलदारांत वरचा तो सुभेदार मेजर. त्याच्या पुढे दार बंद. पलटणीत कालपरवा आलेला कोवळा गोरा साहेबही हुद्द्याने सुभेदार मेजरच्या वरच धरला जाई. पण खालून सुभेदारापर्यंत चढणं हीसुद्धा काही साधी गोष्ट नव्हती. अर्ध्या आयुष्याची चाकरी त्यात जायची.

आणि या शिडीची एक मोठी गंमत होती. मुंबईच्या फौजेत एकाच पलटणीत मराठे, महार, मुसलमान, परदेशी असे सगळे असत. महार सुभेदार समोर आला की त्याच्या हाताखालच्या प्रत्येक शिपायाला, मग तो कुठल्याही जातीचा असो, टाचा जुळवून सलाम करावाच लागे. गावात ज्याची सावली चालत नव्हती, त्याचा हुकूम छावणीत चालत होता! सरकारने हे काही समतेच्या प्रेमाने केलं नव्हतं, त्यांना शिस्तीची फौज हवी होती. पण आपल्या माणसाला पाठ ताठ करून उभं राहण्याची जागा तिथे मिळाली, हे खरं.

रामजीबाबांचं लग्नही अशाच घरात झालं. माता भीमाई या ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडच्या, मुरबाडकर घराण्यातल्या. त्यांचे वडील लष्करात सुभेदार मेजर होते आणि त्यांचे चुलतेही त्याच हुद्द्याचे होते, असं चरित्रकार लिहितात. माहेर सधन आणि सासरची परिस्थिती बेताची. अशा घरचा जावई म्हणून रामजीबाबांना आपला हुद्दा स्वतःच्या हिमतीवर कमवायचा होता.

बंदूक ठेवली, खडू घेतला

फौजेत त्या काळी एक चांगली पद्धत होती. शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिक्षण सक्तीचं होतं. पलटणीच्या शाळा चालत. मोठ्या माणसांसाठी रात्रीचे वर्ग असत. बाहेरच्या समाजात आपल्या माणसाला अक्षर दिसायची पंचाईत होती, तेव्हा छावणीत आपल्या बायकाही वाचायला शिकत होत्या. रामजीबाबांच्या घरी बायकामुलांसकट सगळ्यांना लिहितावाचता येत होतं.

या शाळांना शिकवायला मास्तर लागत. त्यासाठी पुण्यात लष्कराची नॉर्मल स्कूल होती. नॉर्मल स्कूल म्हणजे मास्तर तयार करणारी शाळा, आपण आज डी.एड. कॉलेज म्हणतो तसं. रामजीबाबा मुळातच अभ्यासू. मराठी उत्तम, इंग्रजीही त्यांनी मेहनतीने आत्मसात केलेलं. त्यांनी या शाळेतून शिक्षकाची पदविका घेतली आणि ते लष्करी शाळेत शिकवू लागले. पुढे तब्बल १४ वर्षं त्यांनी लष्करी शाळेचे हेडमास्तर म्हणून काम केलं.

विचार करा, शिपाईगिरी करणाऱ्या माणसाने कवायतीचं मैदान सोडून वर्गात जाणं म्हणजे कामच बदलणं झालं. बंदूक, परेड, पहारा हे सगळं मागे राहिलं, आणि पुढे आले पाट्या, पाढे, धुळाक्षरं. असं काम बदलताना भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. आतापर्यंत चढलेल्या पायऱ्या हिशेबात धरल्या जातील, की पुन्हा तळापासून सुरुवात?

रामजीबाबांच्या बाबतीत त्या पायऱ्या फुकट गेल्या नाहीत. शाळा लष्कराची होती, विद्यार्थी लष्करातले होते आणि मास्तरही लष्कराचाच नोकर होता. खातं तेच राहिलं, बदललं ते काम. म्हणून चाकरी अखंड धरली गेली आणि मास्तरकी करता करता ते वर चढत गेले. निवृत्त झाले ते सुभेदार म्हणून. काही चरित्रकार त्यांचा उल्लेख सुभेदार मेजर असा करतात. म्हणजे मोठेपणाचे सगळे दिवस त्यांनी तलवारीने गाजवले नाहीत, ते फळ्यासमोर गाजवले. आमच्या मते रामजीबाबांच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा धडा आहे. लष्करासारख्या ठिकाणीसुद्धा शिकवण्याचं काम हे हुद्द्याचं काम आहे, हे त्यांनी सिद्ध करून दाखवलं.

१४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातल्या महू या छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला. २००३ साली त्या गावाला डॉ. आंबेडकर नगर असं नाव देण्यात आलं. रामजी आणि भीमाई यांचं हे चौदावं अपत्य. जन्म झाला तो हेडमास्तरांच्या घरी, पुस्तकांच्या सहवासात.

दार बंद झालं

पण ज्या शिडीवरून रामजीबाबा चढले, ती शिडीच पुढच्यांसाठी काढून घेण्याचं त्याच सुमाराला चाललं होतं. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानच्या फौजेचे सरसेनापती होते लॉर्ड रॉबर्ट्स. अमुक जाती लढवय्या आणि तमुक जाती बिगर लढवय्या, या विचाराचे ते पुरस्कर्ते. पलटणी जातवार लावायचं ठरलं. वरच्या जातीचे शिपाई महार अंमलदाराचा हुकूम मानायला कुरकुरतील, ही भीती पुढे केली गेली. आणि १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी सरकारसाठी रक्त सांडलं, त्यांना सरकारने एका फटक्यात बाहेर ठेवलं.

याचा अर्थ काय झाला ते बघा. रामजीबाबांचा हुद्दा त्यांच्याजवळ राहिला, पेन्शन राहिली, पण त्यांच्या मुलांना तो मार्ग राहिला नाही. बापाचा हुद्दा बापाबरोबर संपणार होता. पलटण गेली की तिच्याबरोबर पलटणीची शाळाही गेली, हे त्याहून वाईट. आपल्या समाजाची अक्षराशी पडलेली गाठच सुटली.

या अन्यायाविरुद्ध आपले पेन्शनर गप्प बसले नाहीत. सरकारकडे अर्ज करण्यासाठी रामजीबाबांनी न्यायमूर्ती रानडे यांची मदत घेतली, असं चरित्रकार नोंदवतात. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी दापोलीहून याच कामी लेखणी झिजवली. पुढे १९१० साली पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेच्या भारतमंत्र्यांपर्यंत अर्ज पाठवला. पण सरकार हललं नाही. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा, १९१७ साली, १११ महार ही पलटण उभी केली गेली, आणि गरज संपताच १९२१ साली ती मोडून टाकली.

छावणीच्या बाहेर

निवृत्तीनंतर रामजीबाबा कुटुंबासह दापोलीच्या कॅम्पात आले. पण तिथे कायमचं राहणं जमलं नाही आणि सगळे साताऱ्याला गेले. साताऱ्यातच माता भीमाईंचं निधन झालं. बाबासाहेब तेव्हा अगदी लहान. घराचा भार रामजीबाबांच्या बहिणीने, मीराआत्याने उचलला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली. हा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

पोटासाठी रामजीबाबांनी पुन्हा नोकरी धरली. खटाव तालुक्यात दुष्काळातल्या लोकांना काम मिळावं म्हणून सरकार तलाव बांधत होतं, तिथे ते कॅशियर होते. म्हणजे शिपायाचे मास्तर झाले आणि आता मास्तरांचे कॅशियर. तिसरं काम. पण या वेळी खातंच वेगळं होतं, इथे पलटणीची शिडी नव्हती आणि सुभेदारीला कागदोपत्री काही किंमत नव्हती.

आणि समाजात? तिथे तर त्याहून कठीण. १९०१ साली मुलांनी उन्हाळ्यात वडिलांकडे जायचं ठरवलं. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं असा थाट करून भिवा, त्याचे भाऊ आणि बहिणीची मुलं मसूर स्टेशनवर उतरली. वडिलांना पाठवलेला निरोप त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता, त्यामुळे न्यायला कुणी आलं नव्हतं. कपड्यांवरून ही बड्या घरची मुलं वाटत होती. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली, आणि मुलं महारांची आहेत म्हटल्यावर तो दोन पावलं मागेच सरकला. गाडीवाला कुणी तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं कबूल केलं, तेव्हा एक जण राजी झाला, तोही मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि आपण बाजूने चालायचं या अटीवर. जवळ जेवण होतं, पण घोटभर पाणी कुणी दिलं नाही. रात्रभर पोरं उपाशी, तहानलेली. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः पुढे लिहून ठेवला आहे.

धम्मबंधूंनो, ही मुलं सुभेदाराची होती. ज्या माणसाला छावणीत सलाम झडत होते, त्याच्या पोटच्या पोरांना छावणीपासून काही मैलांवर पाणी मिळेना. हुद्दा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेता येतो की नाही, हा प्रश्न सरकारी नियमांनी सुटतो. पण सरकारी छावणीतून हिंदू समाजात येताना आपल्या माणसाचा हुद्दा वेशीवरच काढून घेतला जात होता, आणि आत फक्त जात सोडली जात होती. त्याला कुठलाही नियम नव्हता आणि कुठे अपीलही नव्हतं.

सोबत आलेली शिदोरी

मग रामजीबाबांनी काय केलं? रडत बसले का? नाही. जे कुणालाही काढून घेता येणार नव्हतं, ते त्यांनी मुलाला द्यायला घेतलं. सुभेदारी वेशीवर अडली, मास्तरकी मात्र त्यांच्याबरोबर घरात आली.

ते कबीरपंथी. दारू नाही, मांस नाही. पहाटे आणि रात्री घरात भजन, दोहे, ग्रंथवाचन. मुलांनी रोज वाचलंच पाहिजे हा दंडक. तर्खडकरांची भाषांतरमाला त्यांनी भिवाकडून घटवून घेतली आणि नेमका इंग्रजी शब्द शोधायची सवय लावली. जगात गाजलेलं बाबासाहेबांचं इंग्रजी सुरू झालं ते या पेन्शनर सुभेदाराच्या हाताखाली!

१९०४ साली कुटुंब मुंबईला आलं. परळच्या चाळीतली एक खोली. त्याच खोलीत चूल, जळण, माणसं आणि अभ्यास. मुलाला लवकर निजवायचं आणि आपण जागं राहायचं, मग रात्री दोनच्या सुमारास मुलाला उठवून अभ्यासाला बसवायचं, हा रामजीबाबांचा परिपाठ होता. पलटणीत पहाऱ्याची पाळी असते ना, तसा हा पहारा त्यांनी मुलाच्या पुस्तकापाशी दिला. पुस्तकासाठी पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींकडे जायचं, त्यांचा दागिना मागून तो गहाण टाकायचा आणि पेन्शन आली की सोडवून परत करायचा. आपल्या त्या माउल्यांनाही या ठिकाणी वंदन केलं पाहिजे.

परळमध्ये लोक त्यांना सुभेदार म्हणूनच ओळखत. सरकारी कागदावर चाकरी संपली होती, पण आपल्या माणसांत तो मान कायम राहिला.

आपल्या विहाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट याच काळातली. भिवाने परीक्षा पास केली म्हणून समाजातल्या मंडळींना सत्काराची सभा घ्यायची होती. रामजीबाबांना ते पसंत नव्हतं, पोराच्या डोक्यात हवा जाईल अशी त्यांना भीती. पण त्यांचे स्नेही कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी मध्ये पडले आणि सभा झाली. त्या वेळी केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेलं भगवान बुद्धांचं चरित्र बाबासाहेबांना भेट दिलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे घडलं, त्याचं बी या एका पुस्तकात होतं असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. ते बी पडलं ते रामजीबाबांनी नांगरून ठेवलेल्या जमिनीत.

शेवटचे दिवस

पुढे बाबासाहेब बी.ए. झाले आणि जानेवारी १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. तिथे पाऊल टाकताना त्यांना संस्थानच्या फौजेत लेफ्टनंटचा हुद्दा मिळाला, असं चरित्रकारांनी नोंदवलं आहे. सुभेदाराच्या मुलाला लेफ्टनंटपद! इंग्रज सरकारने ज्या जातीला फौजेचं दार बंद केलं होतं, तिच्यातल्या मुलाला हा हुद्दा शिक्षणाच्या जोरावर मिळाला. पण रामजीबाबांच्या मनाला मुलाचं बडोद्याला जाणं पटलेलं नव्हतं. आयुष्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता, अंगावर चढलेला डगला जात झाकत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजाराची तार बडोद्याला गेली. बाबासाहेब तातडीने निघाले. वाटेत सुरतला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली, त्यामुळे घरी पोचायला उशीर झाला, असं चरित्रकार सांगतात. रामजीबाबांची नजर दाराकडे लागलेली होती. मुलगा आला, त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि काही वेळात प्राण सोडला. तो दिवस होता २ फेब्रुवारी १९१३.

त्याच वर्षी बाबासाहेब बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली ते करारानुसार पुन्हा बडोद्याला आले, ते महाराजांचे मिलिटरी सेक्रेटरी म्हणून. केवढा हा हुद्दा! पण तिथल्या कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फाइली फेकत आणि राहायला कुणी जागा देईना. रामजीबाबांना जी भीती वाटत होती, ती खरी ठरली. मसूरच्या स्टेशनवर जे घडलं, तेच बडोद्यात घडलं. सेक्रेटरीचा हुद्दा तिथेच राहिला. पण बाबासाहेबांबरोबर विद्या होती, आणि ती पुढे मुंबईत, लंडनमध्ये, महाडला, दिल्लीत, राज्यघटनेच्या मसुद्यापर्यंत त्यांच्यासोबत गेली.

आणि बंद दाराचं काय झालं? १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली. त्या मागणीमागे बाबासाहेबांनी आपलं सारं वजन लावलं होतं. बापाच्या पिढीसमोर बंद झालेलं दार जवळजवळ ५० वर्षांनी मुलाने उघडून घेतलं. आज त्या रेजिमेंटचे जवान छाती पुढे काढून सांगतात की आम्ही महार रेजिमेंटचे. त्या अभिमानात रामजीबाबांचाही वाटा आहे.

आमचं सांगणं

भगवान बुद्धांनी माणसाची उंची जन्मावरून मोजली नाही, ती त्याच्या कर्मावरून मोजली. रामजीबाबांनी धम्मदीक्षा घेतली नव्हती, तो दिवस बघायला ते नव्हते. पण त्यांचं जगणं मात्र या कसोटीला उतरतं. शिपाई असताना चोख शिपाई, मास्तर असताना चोख मास्तर, आणि पेन्शनर असताना रात्र रात्र जागणारा बाप. काम तीनदा बदललं, माणूस बदलला नाही.

म्हणून आपल्या वस्तीतल्या तरुणांना आमचं सांगणं आहे. नोकरी बदला, खातं बदला, पुढे जा. हुद्दा मिळाला तर तो टिकवा, हक्काची सिनिऑरिटी सोडू नका, त्यासाठी अर्ज करा, भांडा. आपल्या पेन्शनरांनीही अर्ज केलेच होते. पण हुद्दा हा ज्या दारात मिळतो त्या दारापुरता असतो, हे विसरू नका. दार ओलांडल्यावरही जे आपल्याबरोबर येतं ते शिक्षण आणि शील. आणि आयाबापांनो, मुलांसाठी काय ठेवून जायचं हा विचार मनात आला, की परळच्या त्या एका खोलीतला दिवा आठवा. विहारात संध्याकाळी चालणाऱ्या अभ्यासवर्गाला आपलं मूल रोज पाठवलं, तरी रामजीबाबांचं स्मारक आपण आपल्याच घरात उभारलं असं होईल.

सुभेदार रामजीबाबांच्या स्मृतीस आम्हा सर्वांचे विनम्र अभिवादन.

नमो बुद्धाय! जयभीम!